बारावीपेक्षा जास्त शिकलेला नको

बेरोजगारीचे प्रकार मला दात घासताना विचारा, तोंडातल्या फेसासकट सांगेन. हंगामी, छुपी, रचनात्मक, चक्रीय. प्रत्येकीची व्याख्या, एकेक उदाहरण आणि शेवटी सरकारला चार सूचना. दिल्लीत, मुनिरकात एका दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून सहा वर्षं मी हे घोकलं. त्याच इमारतीच्या जिन्याखाली एक माणूस राहायचा. त्याला काम नव्हतं. त्याच्या चपला ओलांडून आम्ही बेरोजगारीवरचं लेक्चर ऐकायला जायचो, आणि उशीर झाला तर त्याच्यावरच चिडायचो, की चपला वाटेत का ठेवतोस.

हे मी पश्चात्तापानं सांगतोय असं कुणी समजू नये. पश्चात्तापाचीही एक ऐट असते, ती मी दिल्लीत पुष्कळ पाहिली. मला आमचा राग येतो, एवढंच. त्या खोलीतल्या शहाण्यांचा येतो आणि त्यातल्या एकाचा जरा जास्त येतो.

खोलीत आम्ही तिघे मराठी. मी परभणीकडचा. दुसरा साताऱ्याचा, तो कलेक्टरकीच्या परीक्षेत दोनदा मुलाखतीपर्यंत जाऊन परत आला होता, म्हणून आम्ही त्याला साहेब म्हणायचो. आधी चेष्टेनंच म्हणायचो, पण त्यानं ती चेष्टा म्हणून कधी घेतलीच नाही. तिसरा मालेगावचा. त्याच्या घरी चार यंत्रमाग होते आणि शाळा सुटल्यावर तो त्यांच्यावर बसलेला होता. कामाची म्हणून जी काही अक्कल त्या खोलीत होती ती त्याच्याकडे होती, आणि म्हणूनच त्याचं कुणी ऐकत नसे.

मुनिरकात परीक्षेची तयारी करणाऱ्याला भाजीवाल्यापासून घरमालकापर्यंत सगळे 'सर' म्हणतात. उद्या यातला एखादा कलेक्टर निघालाच तर ओळख असावी, म्हणून ही आधीच केलेली पेरणी. काही पास न झालेल्या माणसाला सहा वर्षं रोज सर म्हटलं की त्याचं काय होतं, ते आमच्याकडे बघून कळलं असतं. आम्हाला चहात साखर कमी चालायची नाही.

जिन्याखालचा माणूस पानिपतचा. वय बेचाळीसच्या आसपास, अंगानं काटक, बोलायला हळू. आम्ही त्याला भाईसाहब म्हणायचो. आठवी झाल्यावर तो हातमागावर बसला आणि पुढची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं तिथंच होता. खेस विणायचा. खेस म्हणजे थंडीत पांघरायची जाड सुती चादर, आपल्या सोलापुरी चादरीची चुलत बहीण. मग मालकानं माग काढून यंत्रं आणली. यंत्राला पडदा होता, पडद्यावर इंग्रजी होतं, आणि ते वाचायला डिप्लोमा झालेला पोरगा हवा होता. आठवीवाले सगळे एकाच आठवड्यात घरी. बायको आणि दोन मुली तिच्या माहेरी ठेवून हा दिल्लीला आला. घरमालकानं त्याला जिन्याखालची जागा दिली, त्या बदल्यात पहाटे आणि संध्याकाळी पाणी आलं की मोटर लावायची आणि गच्चीवरच्या टाक्या भरायच्या.

पहाटेच्या टाक्या भरून झाल्या की तो लेबर चौकात जाऊन उभा राहायचा. मी एकदा सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा त्याला तिथं पाहिलं. गवंडी आपली थापी आणि ओळंबा समोर ठेवून बसले होते, रंगारी ब्रश आणि डबे घेऊन. ठेकेदार येतो, हत्यार बघतो, माणूस उचलतो. या माणसासमोर काहीच नव्हतं. विणकर आपला माग कुठून आणून ठेवणार फुटपाथवर? म्हणून तो मोकळ्या हातांच्या रांगेत उभा राहायचा, आणि त्या रांगेत विशीतली पोरं आधी उचलली जातात. ऊन चढलं की तो परत यायचा आणि जिन्याखाली बसून सुतळीचे तुकडे एकमेकांत गुंतवत राहायचा, हाताला सवय म्हणून.

त्यात घरमालकानं सांगितलं, होळीनंतर मोटरला आपोआप चालू-बंद होणारं यंत्र बसवणार आहे. टाकी रिकामी झाली की ते स्वतःच मोटर लावतं. भाईसाहबनं हे आम्हाला जिन्यात सांगितलं तेव्हा साहेब म्हणाला, "टेक्नॉलॉजिकल अनएम्प्लॉयमेंट!" आणि इतका खूश झाला, की वर येऊन त्यानं ते उदाहरण नोट्समध्ये लिहून ठेवलं. पानिपत ते मुनिरका, एकाच माणसाला दोनदा यंत्रानं हाकललं. निबंधात फार उठून दिसेल म्हणाला. मला ते पटलं. मीही लिहून घेतलं.

जाहिरात सापडली ती साहेबाच्या कात्रीमुळे. रोज सकाळी तो इंग्रजी पेपरातले अग्रलेख कापून वहीत चिकटवायचा. त्या दिवशी तरुणांच्या बेकारीवरचा लेख कापला आणि डिंक लावण्यासाठी उलटा केला तर मागे अर्धी जाहिरात. मालेगाववाला खाली सलूनमध्ये जाऊन त्याच दिवसाचा अख्खा पेपर मागून घेऊन आला. दक्षिण दिल्लीतली एक मोठी संस्था. तिचं नाव सांगत नाही. तिचा काही दोष नाही, तिनं तर आपल्या जागा आमच्यासारख्यांपासून जपायचा प्रयत्न केला होता. मदतनीसाच्या सहा जागा, ठेकेदाराकडून नाही, थेट संस्थेच्या नोकरीत. वय पंचेचाळीसपर्यंत. शिक्षण आठवी पास. आणि खाली ठळक अक्षरांत, इंग्रजीतही आणि हिंदीतही: बारावीपेक्षा जास्त शिकलेल्यांनी अर्ज करू नये.

भाईसाहबला वर बोलावलं. त्यानं अक्षरांखाली बोट धरून ते दोनदा वाचलं. मग आमच्या तिघांकडे बघून हसला. मी त्याला असं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"सर, ये तो आप लोगों के लिए ताला लगा दिया इन्होंने," तो म्हणाला. "पहली बार देखा जी. हमेशा हमारे लिए लगता है."

आम्हीही हसलो. होळीला दोन महिने होते. ही नोकरी लागली तर त्याला जिन्याखालून निघून एक खोली घेता येणार होती आणि बायको-मुलींना आणता येणार होतं. नाही लागली तर होळीनंतर ती जिन्याखालची जागाही जाणार होती. इतकं साधं होतं ते. नोट्स काढण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पण आम्ही गप्प बसलो असतो तर आम्ही कसले? लष्कराच्या भाकऱ्या भाजायची खोड आम्हाला जन्मजात. साहेबानं फॉर्म आपल्या हातात घेतला. आमच्या परीक्षेच्या फॉर्मात छंदाचा रकाना असतो आणि त्यावर मुलाखतीत प्रश्न येतात, म्हणून पोरं दोन-दोन महिने छंद निवडत बसतात. या फॉर्मातही खाली 'इतर माहिती' असा एक रकाना होता. तो मोकळा सोडायचा म्हणजे साहेबाला पाप वाटलं.

"भाईसाहब, आपकी हॉबी क्या है?"

"जी?"

"खाली समय में क्या करते हैं?"

भाईसाहबनं प्रामाणिकपणे विचार केला. "पानी की मोटर देखता हूं."

साहेबानं लिहिलं: वृत्तपत्रवाचन, सामाजिक निरीक्षण, पारंपरिक वस्त्रकलेचं जतन. मालेगाववाला म्हणाला, "अरे, अठ्ठावीस वर्षं माग चालवलाय एवढंच लिही ना. वजन उचलता येतं, तासन् तास उभं राहता येतं, सुट्टी घेत नाही, हे लिही." साहेबानं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की बिचारा चहा करायला उठला.

एवढ्यावर थांबलं नाही. साहेब म्हणाला, मॉक घेऊ. मॉक म्हणजे खोटी मुलाखत. दिल्लीत आमच्या धंद्यात ही एक रीतच आहे: खऱ्या मुलाखतीआधी पाच-सहा खोट्या द्यायच्या, चार जणांनी बोर्ड होऊन बसायचं आणि मग अर्धा तास चुका सांगायच्या. ज्याला स्वतःला कुणी बोर्डापुढे बसवत नाही त्याला बोर्ड व्हायची भारी हौस असते. आम्ही दोन खाटा भिंतीला लावल्या, मध्ये टेबल ठेवलं आणि तिघे ओळीनं बसलो. समोर प्लास्टिकच्या स्टुलावर भाईसाहब, हात मांडीवर.

साहेबानं पहिला प्रश्न विचारला: "आप पानीपत से हैं. पानीपत की तीसरी लड़ाई से आज के प्रशासन को क्या सीखना चाहिए?"

मराठी माणसापुढे पानिपतचा कुणीही आला की त्याला ही लढाई काढल्याशिवाय राहवत नाही. समोरचा चहा देत असो नाहीतर पंक्चर काढत असो, आपण आपलं विश्वासराव आणि भाऊसाहेब सुरू करतो.

"जी, हमारे यहां तो कंबल बनते हैं," भाईसाहब म्हणाला.

मालेगाववाला फिस्सकन हसला. साहेब हसला नाही. त्यानं चुका सांगायला सुरुवात केली. उत्तर फार थेट. विचारांना खोली नाही. संतुलन नाही. आणि मग त्यानं तो मंत्र दिला, जो आम्हाला लक्ष्मीबाई नगरात मिळाला होता.

तिथल्या सरकारी क्वार्टरमध्ये आमच्याकडचे एक अधिकारी राहायचे. दोन-तीन महिन्यांतून एखाद्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे मार्गदर्शनाला जायचो. मार्गदर्शन म्हणजे वहिनींचे पोहे आणि त्यांचे स्वतःविषयीचे किस्से. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: कुठलाही प्रश्न आला की आधी म्हणायचं, याचे दोन पैलू आहेत. पटकन हो किंवा नाही म्हणणारा माणूस बोर्डाला उथळ वाटतो. हे गृहस्थ पोहे आणखी हवेत का विचारलं तरी लगेच हो म्हणत नसत. आम्ही मात्र ते वाक्य वेदवाक्यासारखं घेऊन आलो आणि साहेबानं ते एका विणकराच्या गळ्यात बांधलं.

पंधरा दिवस रोज दुपारी मॉक चालली. भाईसाहब चौकातून आला की हातपाय धुऊन वर यायचा. अठ्ठावीस वर्षं धाग्याला धागा जोडलेला माणूस, शिकवलेलं पक्कं धरून ठेवायचा. आठवड्यात त्याला 'संतुलित', 'समग्र', 'चुनौती' हे शब्द आले. प्रश्न आला की क्षणभर थांबायचं, मान किंचित हलवायची आणि म्हणायचं, "सर, इस विषय के दो पहलू हैं." तो ते असं म्हणायचा, की साहेबाच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहायचं. मालेगाववाला एकदा मला मोरीत म्हणाला, "याला बिघडवतोय आपण. तिथं विचारतील झाडू मारशील का, आणि हा पैलू सांगत बसेल. तू सांग ना साहेबाला, तुझं ऐकतो तो."

मी नाही सांगितलं. त्याचं कारण आता येतं.

त्या वर्षीच्या पूर्वपरीक्षेत माझी शेवटची संधी संपली होती. खोलीत हे दोघांनाही माहीत होतं, पण मी म्हणायचो, राज्यसेवा देईन, बघू. घरी मात्र काही सांगितलं नव्हतं. गावात माझ्या वडिलांना लोक कलेक्टरचे बाप म्हणायचे आणि ते नको म्हणत नव्हते. रिकाम्या हातानं त्या गावात उतरण्याची मला भीती वाटायची, ती इतकी, की घरचा फोन वाजला की मी तो उशीखाली सारायचो. दिल्लीत राहायला काहीतरी कारण हवं होतं. आणि ती जाहिरात खोलीत पडलेली होती.

आठवी पास तर मी होतोच. जिल्हा परिषदेच्या शाळेची आठवीची गुणपत्रिका माझ्या फाइलमध्ये सगळ्यात खाली होती, वरच्या एम.ए.च्या आणि इतर कागदांपेक्षा तीच चांगल्या अवस्थेत होती. सर्वोच्च शिक्षण या रकान्यात मी आठवी लिहिलं. एका वकिलाच्या टेबलावर जाऊन, हे सगळं खरं आहे, असं प्रतिज्ञापत्रही केलं. त्या वकिलानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शिक्का मारला. त्याच्यासमोर माझ्यासारख्यांची रांग होती. भाईसाहबचा फॉर्म पोस्टात टाकायला साहेबानं मलाच पाठवलं. मी दोन पाकिटं टाकली.

मी त्याचं वाईट व्हावं म्हणून ते केलं नाही. सहा जागा होत्या, एक त्याला, एक मला, असं मी मनाशी धरलं होतं. पण त्याला चुकीचं शिकवलं जातंय हे मला कळत होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. याला आमच्या नीतिशास्त्राच्या पेपरात फार चांगलं नाव आहे. गावाकडे नुसतं हलकटपणा म्हणतात.

मुलाखतीच्या दिवशी मी खोलीत, लायब्ररीत जातो, असं सांगून निघालो. संस्थेत पोचलो तर व्हरांड्यात लांब रांग. जुने स्वेटर, तेल लावलेले केस, हातात प्लास्टिकच्या पिशव्या. पण नीट बघितलं की कळायचं. कुणाच्या खिशाला चांगलं पेन, कुणी मोबाइलवर इंग्रजी पेपर वाचतोय आणि कुणी जवळ आलं की फोन पालथा घालतोय. आम्ही एकमेकांना बरोबर ओळखत होतो आणि एकमेकांकडे बघत नव्हतो. आयत्या बिळावर निघालेले नागोबा सगळे, आणि प्रत्येकाजवळ एकेक प्रतिज्ञापत्र.

भाईसाहब रांगेत माझ्या पुढे सात-आठ जण सोडून बसला होता. साहेबानं त्याला आपलं जॅकेट दिलं होतं. ते खांद्यांत घट्ट होत होतं. त्यानं मान वळवली आणि मी दिसलो. मला पळता आलं असतं. पण तो उठून लगबगीनं माझ्याकडे आला आणि त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला.

"सर, आप मेरे खातर आए?"

मी म्हणालो, "हां."

"पढ़ाई छोड़ के?"

"अरे, बिल्कुल. आपका इतना बड़ा दिन है."

माझा हात त्यानं बराच वेळ सोडला नाही. त्याच्या बोटांची पेरं घासून गुळगुळीत झालेली होती. मी हात सोडवून घेतला आणि म्हणालो, जा, नंबर येईल.

मुलाखती हॉलच्या एका कोपऱ्यात चालल्या होत्या, मध्ये प्लायवूडचा आडोसा. आतलं सगळं बाहेर ऐकू यायचं. त्याचा नंबर आला. आत दोन माणसं होती, आवाजावरून बरी वाटणारी. एकानं विचारलं, पहिलं काम काय करायचास. तो बोलायला लागला, "जी, खड्डी पे...", म्हणजे हातमागावर, आणि थांबला. मला कळलं तो का थांबला ते. साहेबानं सांगितलं होतं, लगेच उत्तर द्यायचं नाही.

"सर, मैं पारंपरिक वस्त्रकला के क्षेत्र से जुड़ा रहा," तो म्हणाला.

मग दुसऱ्यानं विचारलं, "अच्छा, ये लोहे की अलमारी देख रहे हो? ऐसी अलमारी दूसरी मंज़िल पे पहुंचानी हो तो पहुंचा दोगे?"

ज्या माणसानं आयुष्यभर सुताच्या गासड्या पाठीवर वाहिल्या त्याला हा प्रश्न. मी व्हरांड्यात बसून मनात म्हणत होतो, हो म्हण, बाबा, हो म्हण. इतकी चाड मला अजून होती.

"सर, इस विषय के दो पहलू हैं," भाईसाहब म्हणाला. त्यानं मान किंचित हलवली असणार, मला न बघताही ठाऊक आहे. "एक तो सुरक्षा का पहलू है. दूसरा, सबको साथ ले के चलना. हमें संतुलित..."

"भई, उठा लोगे कि नहीं?"

"सर, समग्र रूप से देखें तो..."

माझ्या शेजारचा एक जण तोंडावर रुमाल धरून हसला. आतला माणूस दमल्यासारखा म्हणाला, ठीक है, जाओ. भाईसाहब बाहेर आला तो उजळलेल्या चेहऱ्यानं. त्याचा एकही शब्द चुकला नव्हता. "बहुत अच्छा हुआ, सर," तो म्हणाला. "बड़े साहब को बोलना, जैसा सिखाया वैसा ही बोला." मग त्यानं किती वाजले ते विचारलं. संध्याकाळचं पाणी यायची वेळ होत आली होती, मोटर लावायची होती. मी येतो मागून, असं मी त्याला सांगितलं, आणि तो पायऱ्या उतरून गेला.

माझा नंबर आला. तोच प्रश्न विचारला.

"ले जाऊंगा जी," मी म्हणालो.

"अकेले?"

"अकेले ले जाऊंगा जी." मान खाली, हात मांडीवर. पंधरा दिवस रोज दुपारी तो माणूस स्टुलावर कसा बसतो ते मी समोरून बघितलं होतं. तसाच बसलो होतो मी.

दुसऱ्या आठवड्यात भाईसाहब पानिपतला जाऊन आला आणि येताना एक खेस घेऊन आला. निळा, पांढऱ्या चौकड्यांचा, त्याच्या स्वतःच्या मागावरचा. घरी ठेवलेले दोनच उरले होते, त्यातला एक. तो साहेबासाठी असेल असं आम्हाला वाटलं. त्यानं तो माझ्या खाटेवर ठेवला आणि म्हणाला, "पढ़ाया सबने. साथ में कोई नहीं जाता जी." साहेबाला जरा लागलं. मालेगाववाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मुलाखतीच्या दिवशी लायब्ररीला सुट्टी होती हे त्याला माहीत असणार.

निकाल नुसत्या नंबरांचा लागला. सहा नंबर, त्यात त्याचा नव्हता. साहेबानं खोलीत विश्लेषण केलं: बोर्डाला प्रतिभेची कदर नाही, आत आधीच ठरलेलं असतं, ओळखीवाल्यांची भरती. भाईसाहब ऐकत होता आणि मान हलवत होता. मग म्हणाला, "कोई बात नहीं. जिनको मिली, उनके भी बच्चे होंगे." आणि टाक्या भरायला गेला. मी घरी फोन करून सांगितलं, दिल्लीत एका संस्थेत रुजू होतोय. कुठल्या पदावर ते वडिलांनी विचारलं नाही. त्यांनी पेढे वाटले. खोलीत सांगितलं, रिसर्चचं काम आहे. साहेबानं पाठ थोपटली. मालेगाववाल्यानं मात्र मी खोली सोडेपर्यंतच्या आठवड्यात माझ्या वाटणीचा चहा टाकला नाही.

होळी झाली. मोटरला यंत्र बसलं. जिन्याखालची जागा घरमालकानं स्कूटर ठेवायला घेतली, असं मी नंतर ऐकलं.

मी अजून त्या संस्थेत आहे. गळ्यात ओळखपत्र, अंगात संस्थेचा राखाडी स्वेटर, साहेब लोकांच्या दाराबाहेर स्टूल. आम्हा सहा जणांत एक बी.एड. आहे आणि एक इंजिनिअर. बाकीच्यांचं मी विचारलेलं नाही. डबा खाताना आम्ही पेपरातल्या अग्रलेखांवर बोलतो, हळू आवाजात. देशात कुशल मनुष्यबळ नाही, यावर आमचं एकमत आहे. वजन उचलायचं काम निघालं की आमच्यातल्या प्रत्येकाची काही ना काही जुनी दुखापत निघते, म्हणून आता संस्था त्यासाठी बाहेरून मजूर बोलावते.

गेल्या हिवाळ्यात रेकॉर्डची खोली वर हलवायची होती. ठेकेदार चौकातून चार माणसं घेऊन आला. ती व्हरांड्यात उभी होती आणि त्यातला एक भाईसाहब होता. दाढी पांढरी झालेली, काटक तसाच. मी स्टुलावरून उठलो. आधी त्याचा चेहरा उजळला, "सर!" म्हणाला. मग त्यानं माझं ओळखपत्र पाहिलं, स्वेटर पाहिला, स्टूल पाहिलं. नंतर तो त्या हॉलकडे बघत राहिला, जिथं तेव्हा प्लायवूडचा आडोसा होता.

"तो उस दिन आप..." तो म्हणाला.

खरं सांगायची ती वेळ होती. एक शब्द पुरला असता. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "देखिए भाईसाहब, इसके दो पहलू हैं."

मी ते खरोखर म्हणालो. आणि पुढेही बोललो. परिस्थिती, वय, घरच्यांची अपेक्षा, तुमचं होईल असंच वाटलं होतं. माझं संपलं तसा तो वाकला आणि त्यानं व्हरांड्यात काढून ठेवलेल्या लोखंडी कपाटाखाली बोटं घातली.

"भाई, उधर से पकड़," तो म्हणाला.

त्यानं मला सर न म्हणण्याची ती पहिली वेळ. मी पकडलं. अकेले ले जाऊंगा जी, असं मी ज्याच्याबद्दल म्हणालो होतो, तेच कपाट. मी वरच्या बाजूला होतो, तो खाली. जिन्यावर सगळा भार खालच्या माणसावर येतो. दोन मजले तो न थांबता चढला, आणि मी वरून नुसता हात लावून होतो.